मोकाट कुत्री, मेंढरे आणि शेजार



ह्या पानावर आपण लागण, खोडवा, खते, पाणी अशा विषयांवर वाचत असता. आजचा विषय उसाचा नाही, पण उसाच्या शिवारातलाच आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या दावणीला दोन-चार जनावरे आहेत, परसात शेळ्या आहेत, आणि माळावर मेंढरे राखणारे सभासदही थोडे नाहीत. बांधावरून आणि पाण्याच्या पाळीवरून जसे तंटे होतात, तसे ते कुत्र्यावरूनही होतात. बांधाचा तंटा मोजणी आणली की निदान कागदावर तरी मिटतो. कुत्र्याच्या तंट्यात मोजायचे काय, हाच प्रश्न असतो. म्हणून तो विझत नाही, धुमसत राहतो.

कुत्रे कुणाचे?

"मोकाट कुत्री" हा शब्द आपण सरसकट वापरतो. २०१९ सालच्या विसाव्या पशुगणनेत देशभरात सुमारे १ कोटी ५३ लाख मोकाट कुत्री मोजली गेली, त्यांपैकी सुमारे १२ लाख ७६ हजार आपल्या महाराष्ट्रात. आकडा मोठा आहे खरा. पण वस्तीवर राहणाऱ्याला विचारा, तो सांगेल की रानातून फिरणारी सगळीच काही बेवारस नसतात. कुणीतरी त्यांना सांज-सकाळ भाकर टाकतो, नाव ठेवतो, चोर आला तर भुंकेल म्हणून ठेवून घेतो. फक्त बांधत नाही आणि लस टोचत नाही. कुत्रे राखण करते तोवर आपले असते, भानगड झाली की लगेच, "ते होय? ते असंच येतं आमच्याकडं."

आता कुत्र्याची रीत समजून घ्या, कारण निम्मा तंटा ह्या अज्ञानातून होतो. एकटे कुत्रे वस्तीवर भुंकेल, फार तर अंगावर येईल. पण रात्री चार वस्त्यांवरची चार एकत्र आली की त्यांची वागणूक पालटते. एक पळते म्हणून दुसरे पळते. समोर मेंढरू पळाले की त्याच्यामागे लागायचेच, ही त्यांची उपजत खोड. यात भुकेचा संबंध थोडा. पोटभर भाकर खाल्लेले कुत्रेदेखील हे करते, आणि म्हणूनच ते पाच-सात जनावरे फाडते पण खात मात्र एखादेच. पहाटे परत येऊन ओट्याखाली अंग चाटत पडते, पोरे त्याच्याशी खेळतात. त्यामुळे मालक जेव्हा शपथेवर सांगतो की आमचे कुत्रे कोंबडीलाही तोंड लावत नाही, तेव्हा तो बहुधा खोटे बोलत नसतो. त्याने ते दिवसाच पाहिलेले असते.

ह्या कुत्र्यांना पोसतो कोण? मेलेले वासरू ओढ्यात टाकायचे, कोंबड्यांच्या शेडमधील मेलेल्या कोंबड्या उकिरड्यावर फेकायच्या, जत्रेत बोकड पडले की आतडी बांधाला टाकायची, हे सगळे आपणच करतो. हंगाम सरला, टोळ्या कोप्या मोडून गावी निघाल्या की त्यांची काही कुत्री मागे राहतात, ही गोष्ट खरी. पण टोळीवर बोट दाखवणे फार सोपे आहे. उरलेले सहा-सात महिने त्यांना आपलाच उकिरडा पुरतो.

आधी जनावराची जखम पाहा

सकाळी वाड्यात शेळी मरून पडलेली दिसते. पहिला शब्द निघतो "बिबट्या" किंवा "शेजाऱ्याचं कुत्रं", ज्याच्यावर आधीपासून राग असेल त्याप्रमाणे. दोन्ही शब्द घाईचे. जनावर जागेवरून हलवू नका, कातडे काढू नका. आधी नीट पाहा.

कुत्र्यांनी धरलेल्या जनावराला जखमा मागच्या बाजूला जास्त असतात. मागचे पाय, फऱ्या, शेपूट, कास, पोटाची बगल, कधी कान. दात अनेक ठिकाणी लागलेले, कातडी ओढून फाडलेली, लोकर इकडे तिकडे पसरलेली. एक मेलेले आणि चार-पाच जखमी, असे चित्र सहसा कुत्र्यांचेच. बिबट्या नरडे किंवा मानेची मागची बाजू धरतो. तेथे सुळ्यांची खोल भोके मिळतात, बाकी अंग पुष्कळदा साबूत असते, आणि शक्य झाले तर तो शिकार उचलून किंवा ओढून उसात नेतो. अर्थात बंद वाड्यात शिरलेला बिबट्या घाबरून एकापेक्षा जास्तही मारतो, तेव्हा नुसत्या संख्येवर जाऊ नये. लांडगा शक्यतो कोकरू घेऊन पसार होतो.

ठसे पाहा. मांजराच्या जातीच्या पायाचा ठसा गोलसर असतो आणि त्यात नखे उमटत नाहीत, कारण चालताना ती आत ओढलेली असतात. कुत्र्याच्या ठशात नखांची टोके दिसतात. लांडग्याचा ठसा कुत्र्यासारखाच, तेव्हा त्यावरून लांडगा की कुत्रा हे आपल्याला सांगता येणार नाही. चांगला ठसा दिसला की त्यावर पाटी पालथी घाला, म्हणजे माणसांच्या गर्दीत तो तुडवला जाणार नाही. मोबाईलवर फोटो काढा, शेजारी काडेपेटी ठेवून काढा म्हणजे मापाचा अंदाज येतो.

आणखी एक बारकावा, जो पशुवैद्यकाला ठाऊक असतो पण आपल्याला नसतो. बिबट्याने मारलेल्या जनावरावर मागाहून कुत्री येऊन ताव मारतात. सकाळी लोक कुत्री पाहतात आणि कुत्र्यांनीच मारले म्हणतात. जिवंतपणी झालेल्या जखमेखाली कातडी सोलली तर रक्त साकळलेले दिसते. मेल्यावर झालेल्या चाव्याखाली तसे नसते. शवविच्छेदन करून घ्यावे म्हणतात ते ह्यासाठी. एका शेजाऱ्याची अब्रू त्या कातडीखालच्या रक्तावर अवलंबून असते.

ह्यात पैशाचाही प्रश्न आहे. बिबट्या, लांडगा अशा वन्यप्राण्याने जनावर मारले तर वनखाते नुकसानभरपाई देते. त्यासाठी ४८ तासांच्या आत जवळच्या वनकर्मचाऱ्याला कळवावे लागते आणि पंचनामा व्हावा लागतो. वनखात्याचा टोल फ्री क्रमांक १९२६ आहे. कुत्र्याने मारले तर ही भरपाई नाही. मग होते काय, की ज्याचे जनावर मेले त्याला बिबट्या हवा असतो, ज्याचे कुत्रे आहे त्यालाही बिबट्याच हवा असतो, आणि पंच म्हणून उभे राहिलेले दोघांचेही सोयरे. एकदा खोटा पंचनामा झाला की कुत्री तशीच मोकळी राहतात आणि महिनाभरात तिसऱ्याच सभासदाच्या शेळ्या जातात. जनावराचा विमा असेल तर कानातला बिल्ला सांभाळा आणि कंपनीला कळवल्याशिवाय जनावर पुरू नका.

जी मेंढरे वाचली त्यांच्याकडेही लक्ष हवे. लोकरीखाली जखम दिसत नाही, मेंढरू दोन दिवस चरते आणि मग जखमेत किडे पडून मरते. प्रत्येक मेंढरू हाताने चाचपून पाहावे, जखमेभोवतीची लोकर कातरावी आणि डॉक्टरांना दाखवावे. गाभण मेंढ्या नुसत्या पळापळीने गाभडतात. तो तोटा पंचनाम्यात कुणी धरत नाही, पण तो खरा असतो.

विषाचा डाव

समजा, वरच्या वस्तीवरच्या आबांची पाठ गेली. आबा खालच्या वस्तीवर जाऊन म्हणतात, "तात्या, तुमच्या काळ्यानं माझी पाठ फाडली." तात्या म्हणतात, "आबा, काळ्या रात्रभर इथंच होता. उगा आळ घेऊ नका." आबा पुन्हा बोलत नाहीत. परत येतात, आणि हुमणीसाठी कधीकाळी आणलेल्या फोरेटचा, म्हणजे आपण ज्याला थिमेट म्हणतो त्याचा, उरलेला डबा गोठ्याच्या माळ्यावरून खाली काढतात.

असे घडते. पुढे काय घडते तेही पाहा. विष कालवलेला मटणाचा तुकडा बांधाला टाकला की तो काळ्यानेच खावा असे बंधन नाही. आबांचे स्वतःचे कुत्रे खाते, मांजर खाते, कावळे-घारी खातात, शेजारचे पोर उचलून पाहते. तुकडा पाण्यात गेला तर त्या पाण्यावर गाय येते. फोरेट हे माणसालाही कातडीतून भिनणारे जहाल विष आहे. त्यावर २०२० अखेर देशात बंदी आली आहे, तेव्हा जुना डबा घरात असेल तर तो वापरायला म्हणून ठेवूच नये.

कायद्याचे सांगायचे तर, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे जनावर मारणे, विष घालणे किंवा लुळे-पांगळे करणे ह्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणजे शेळी गेली आबांची आणि पोलीस ठाण्यात हेलपाटेही आबांनाच. तात्यांनाही कायदा मोकळे सोडत नाही. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला त्याच संहितेच्या कलम २९१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले आहे. तेव्हा "आम्ही काय त्याला बांधून ठेवायचं काय?" ह्या प्रश्नाचे उत्तर, होय, बांधायचं, असेच आहे.

दुसरी एक युक्ती करतात. कुत्री टेम्पोत भरायची आणि दहा कोसांवर दुसऱ्याच्या शिवारात सोडायची. हे नियमात बसत नाही आणि शेजारधर्मातही बसत नाही. तिकडचेही कुणीतरी टेम्पो भरून इकडे येतच असतात.

पिसाळलेले कुत्रे आणि दावणीची गाय

खरा धोका शेळीच्या किमतीपेक्षा मोठा आहे, आणि ह्याबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे.

पिसाळलेले कुत्रे गायी-म्हशीला चावले तर रोग लगेच दिसत नाही. काही आठवडे, बहुधा एक ते तीन महिने, कधी त्याहूनही जास्त काळ जातो. तोवर ती रात्र आपण विसरलेलो असतो. मग एके दिवशी गाय वैरण सोडते, तोंडातून लाळ गळते, पाणी गिळता येत नाही, घोगऱ्या आवाजात सारखी हंबरते, कुंथते, मागचे पाय लटपटतात. काही जनावरे मारायला धावतात, पण पुष्कळशी नुसती लुळी पडत जातात. घरधन्याला वाटते, घशात वाढ्याचा तुकडा किंवा कणसाचे बुरकुंड अडकले. तो बाही सरसावतो आणि कोपरापर्यंत हात तोंडात घालतो. हाताला कुठे ना कुठे ओरखडा असतोच. लाळेतून रोग माणसाकडे येतो तो असा.

लाळ गाळणाऱ्या, गिळता न येणाऱ्या जनावराच्या तोंडात उघडा हात घालू नये, मग त्याला कुत्रे चावलेले आठवत असो वा नसो. आधी पशुवैद्यकाला बोलवावे. १९६२ ह्या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा पथकाची मागणी नोंदवता येते. हात घालून झालाच असेल तर न लाजता दवाखान्यात जाऊन सांगावे आणि लस घ्यावी. अशा जनावराचे दूध वापरू नये, मेल्यावर कातडे काढू नये, खोल पुरावे.

कुत्रे चावल्याबरोबर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची. घड्याळ लावून धुवा, कारण पंधरा मिनिटे वाटतात त्याहून लांब असतात. चुना, हळद, मिरची, तंबाखू काही भरायचे नाही. जनावराची जखम धुताना हातमोजे घाला. माणसाला सरकारी दवाखान्यात कातडीत टोचायची लस पहिल्या दिवशी आणि नंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी देतात. जखम खोल असेल तर जखमेभोवती वेगळे सिरम देतात. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचा जमाना मागे पडला, त्या भीतीने घरी बसू नये. जनावरालाही चावल्यावर लस देता येते. शून्य, तीन, सात, चौदा आणि अठ्ठावीस असे दिवस धरतात, आणि ती लवकर सुरू झाली तरच उपयोग. रोग दिसू लागल्यावर मात्र कुणाच्याही हातात काही उरत नाही.

चावलेले कुत्रे सापडले तर त्याला दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवायचे असते. दहा दिवस ते धडधाकट राहिले तर चावताना त्याच्या लाळेत हा रोग नव्हता असे समजते. अर्थात माणसाची लस त्यासाठी थांबवायची नाही. पण विष घालून किंवा काठीने ते कुत्रे संपवले, की हे कळण्याचा मार्गही संपला. रागाच्या भरात हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

कुत्र्याला वर्षातून एकदा लस टोचण्याचा खर्च एका शेळीच्या किमतीपुढे काहीच नाही. जंताचे औषधही द्यावे. मेंढराचे डोके, आतडी कच्ची कुत्र्यापुढे टाकली की त्यातले जंत कुत्र्यात वाढतात, त्याच्या विष्ठेतून गवतावर येतात आणि पुन्हा मेंढराच्या पोटात जातात. मेंदूत गाठ होऊन मेंढरू एकाच बाजूला गोल गोल फिरू लागते ते ह्याच फेऱ्यातून. करणी-बिरणी काही नसते.

मग करायचे काय?

रात्री कुत्रे बांधा. वस्तीवर राखण हवी म्हणून कुत्रे पाळले असेल तर ते वस्तीवरच हवे, चार शिवारे ओलांडून नव्हे. आखूड दोरीला अष्टौप्रहर जखडणेही बरे नाही. त्याने कुत्रे खुनशी होते, आणि तो छळही आहे. दोन खांबांत जाड तार ताणून तिच्यात कडी आणि कडीला साखळी घातली, तर कुत्र्याला घरापासून गोठ्यापर्यंत येरझारा घालता येतात. गळ्यात पट्टा आणि पट्ट्यावर मालकाचे नाव असावे. नाव घालायला जो तयार नाही, त्याने भाकर टाकतानाही विचार करावा.

शेळ्या-मेंढ्यांचा वाडा रात्री बंद हवा. नुसत्या काट्यांच्या कुंपणाखालून कुत्रे उकरून आत येते. जाळीचा खालचा भाग वीतभर जमिनीत गाडावा किंवा कडेने दगड लावावेत. धनगर बांधव रानात वाघर लावून कळप बसवतात तेव्हा त्यांची सोय वेगळी. पण ते आपल्याच रानाला खत मिळावे म्हणून आलेले असतात. ज्याच्या रानात मेंढरे बसली त्याने आजूबाजूच्या वस्त्यांना दिवस मावळायच्या आत निरोप द्यावा, की आज आमच्याकडे मेंढरे आहेत, कुत्री बांधा. एवढ्या निरोपाने पुष्कळ काही टळते. आणि निरोप देऊनही कुत्री आलीच, तर परमुलखातल्या त्या माणसाच्या बाजूने बोलायचे काम रानमालकाचे आहे. तो बिचारा सकाळी वाडा हलवून पुढे जाणार, त्याची दाद घेणार कोण?

बेवारस कुत्र्यांचे काम एकट्यादुकट्याचे नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेची आहे. पाळलेल्या कुत्र्याची लस, जंतनाशक आणि नसबंदी मालकाकडे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सांगितले, की पकडलेली कुत्री नसबंदी व लस करून त्याच भागात सोडावीत, मात्र पिसाळलेली, तशी शंका असलेली आणि आक्रमक कुत्री परत सोडू नयेत. ग्रामपंचायतीकडे पैसा नाही, माणूस नाही, हे खरे. पण ग्रामसभेत लेखी विषयच आला नाही तर पंचायत समितीपर्यंत तो पोचणार कसा? कुत्री साधारण दोन महिने गाभण राहते आणि वर्षात दोनदासुद्धा विते. एक वर्ष दिरंगाई केली की काम दुप्पट होते.

ह्याला बिबट्याचाही एक धागा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले भागात विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचे खाणे तपासले. वजनाच्या हिशोबाने सर्वात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, सुमारे ३९ टक्के. शेळ्यांचा ११ टक्के. म्हणजे गावाभोवती उकिरड्यावर जेवढी कुत्री पोसाल तेवढे बिबट्याचे ताट वाढलेले राहील. मेलेले जनावर ओढ्यात टाकण्याऐवजी खड्डा घेऊन पुरायला अर्धा दिवस मोडतो, म्हणून आपण टाळतो. जेसीबी बांधावर आलेलाच असतो, तेव्हा एक खड्डा आधीच काढून ठेवायला हरकत नाही.

राहता राहिला झालेल्या नुकसानीचा प्रश्न. कोर्टात दावा करता येतो, पण एका शेळीसाठी तारखा करणे कुणालाच परवडत नाही. १५ ऑगस्ट २००७ पासून आपल्याकडे महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. जेथे ती समिती चालती आहे तेथे विषय तिच्यापुढे ठेवावा, नाहीतर गावातले दोन जाणते बसवावेत. आमच्या मते हिशेब असा असावा. कुत्रे ओळखले गेले आणि वाडा बंद होता, तर बाजारभावाने पूर्ण किंमत कुत्रेवाल्याने द्यावी. वाडाच उघडा होता किंवा जनावर रात्री बांधावर मोकळे होते, तर निम्मी. दोन-तीन वस्त्यांची कुत्री मिळून असतील तर सगळ्यांनी वाटून घ्यावी. माझे एकच होते आणि ते मागे उभे होते, असला युक्तिवाद ऐकू नये. जखमींच्या औषधपाण्याचा खर्च त्यातच धरावा. काय ठरले ते कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि रकमेखाली आणखी एक ओळ लिहावी: कुत्र्याला लस टोचल्याचा दाखला अमुक तारखेपर्यंत आणून दाखवायचा, आणि त्या तारखेपासून कुत्रे दिवस मावळल्यावर बांधायचे.